रोबोटला चाकं कुठली लावायची? रोबोकॉन टीमसाठी ड्राइव्ह निवडायची पद्धत

रोबोकॉन म्हणजे दरवर्षी नव्या थीमवर होणारी कॉलेजांची रोबोट स्पर्धा. तिचं रुलबुक डाउनलोड होऊन अर्धा तास होत नाही तोवर टीमच्या ग्रुपवर मेकॅनम की ओम्नी, म्हणजे आडवं सरकू देणाऱ्या दोन चाकांपैकी कुठलं, यावरून जुंपलेली असते. कुणीतरी जपानच्या टीमचा जुना व्हिडिओ टाकतं, कुणीतरी म्हणतं यंदा स्वर्व्हच करू, काय व्हायचं ते होऊ दे, आणि फर्स्ट इयरची पोरं बिचारी स्वर्व्ह म्हणजे काय ते शोधत बसतात. अशी चाकाच्या नावापासून सुरुवात केली ना, की पुढचे सगळे महिने त्या चाकाचे चोचले पुरवण्यात जातात. म्हणून हे लिहितोय. मुख्यतः रोबोकॉनवाल्यांसाठी आहे, पण कॉलेज फेस्टच्या रोबोरेसला किंवा एफटीसी या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेतल्या टीमला पण यातलं बरंच लागू पडेल.

माझं म्हणणं साधं आहे. रोबोट मैदानात पळतो कसा यावरून ड्राइव्ह, म्हणजे चाकं आणि मोटरची मांडणी, ठरवू नका, कामाच्या जागी पोचल्यावर शेवटच्या एका फुटात त्याला काय करावं लागतं त्यावरून ठरवा. सरळ पळायला कुठलीही चार चाकं चालतात हो. वेळ जातो तो रॅकसमोर, पोलसमोर, बास्केटसमोर नीट उभं राहण्यात. थोडं डावीकडे घे, अरे जास्त गेलं, मागे घे, परत पुढे, आता तिरकं झालं. कुठल्याही मॅचचं रेकॉर्डिंग घ्या आणि स्टॉपवॉच लावून बघा, पळण्यात किती सेकंद गेले आणि अलाइन होण्यात किती. बहुतेक टीमचा दुसरा आकडा मोठा निघतो.

थीमप्रमाणे हा शेवटचा फूट किती बदलतो बघा. २०१४ ची एबीयू रोबोकॉन, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांची मुख्य स्पर्धा, आपल्या पुण्यातच झाली होती, त्यात पालक रोबोटने मूल रोबोटला उचलून सी-सॉवर, झोक्यावर न्यायचं होतं. म्हणजे हातात अख्खा दुसरा रोबोट आणि तो ठरलेल्या जागी अलगद बसवायचा, तिथे मिलिमीटरचा हिशोब. २०१९ ला मंगोलियाच्या थीममध्ये दुसरा रोबोट चार पायांवर चालणारा हवा होता, त्याला चाकांचा प्रश्नच नाही, पण पहिला रोबोट वळणावळणाचा रस्ता काढत येणार आणि थांबून हातातली वस्तू त्या चार पायवाल्याला देणार. म्हणजे वळणं पण हवीत आणि शेवटी स्थिर उभं राहणं पण. २०२२ ला दिल्लीने लगोरी ठेवली, एकाने चेंडू मारून फोडायची, दुसऱ्याने रचायची. फोडणाऱ्याला नेम धरायला पटकन फिरता आलं पाहिजे आणि रचणाऱ्याला चकत्यांसमोर आडवं सरकता आलं पाहिजे, एकाच टीमचे दोन रोबोट पण गरजा दोन वेगळ्या. आणि २०२५ ला बास्केटबॉल आलं, एकाच कोर्टवर समोरच्या टीमचे रोबोट अंगावर येणार, मग अचानक धक्का सहन करणं हा मुद्दा झाला, जो आधीच्या कित्येक थीममध्ये फारसा नव्हताच.

त्यामुळे पहिलं काम कागदावर. रुलबुकमधलं मैदान ग्राफ पेपरवर १:२० मध्ये काढा, रोबोटच्या मापाचा पुठ्ठा कापा आणि तो हाताने सरकवत अख्खी मॅच खेळा. जिथे पुठ्ठा थांबतो तिथे लाल पेनाने तीन गोष्टी लिहा. किती मिलिमीटरच्या आत थांबायचंय, त्या जागी पोचल्यावर आडवं सरकावं लागतंय का, आणि तोंड फिरवायचंय का. जमलं तर कॉलेजच्या पार्किंगमध्ये खडूने खऱ्या मापाचं मैदान आखा आणि ज्याला ड्रायव्हर करणार आहात त्यालाच पुठ्ठ्याचं खोकं घेऊन चालायला लावा. लोक हसतील, हसू देत. बाजू न फिरवता आडवं सरकावं लागतंय अशा लाल खुणा एक-दोनच असतील तर होलोनॉमिक ड्राइव्ह, म्हणजे कुठल्याही दिशेला तोंड न वळवता जाणारा, घ्यायची गरज आहे का यावर शांतपणे विचार करा. कधीकधी ते आडवं सरकणं चाकांनी करायच्या ऐवजी वरच्या ग्रिपरला एक स्लाइड देऊन होतं आणि खालचा सगळा ताप वाचतो.

आता प्रकार. साधे आधी पटपट उरकतो.

दोन चाकं आणि एक कॅस्टर (मोटर नसलेलं टेकूचं चाक), हे फेस्टच्या लाइन फॉलोअरला, छोट्या रोबोटला उत्तम. मोठ्या रोबोटला गोल फिरणारं फर्निचरवालं कॅस्टर लावू नका, उलट दिशेने निघताना ते आधी स्वतः गर्रकन फिरतं आणि रोबोटचं नाक वाकडं करतं. त्या जागी बॉल कॅस्टर नाहीतर ओम्नी चाक, म्हणजे कडेला आडवे छोटे रोलर असलेलं, लावा.

चार चाकं टँकसारखी, डावीकडची दोन एकत्र आणि उजवीकडची दोन एकत्र. रोबोवॉर, रोबोरेसवाले हेच वापरतात कारण मोडायला काही नाही. पण वळताना चारही चाकं आडवी घासतात, आणि रोबोट रुंदीपेक्षा लांबीला जास्त असला की वळता वळता मोटरचा जीव जातो, करंट चढतो, मोटरला करंट पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड तापतो. बेस लांबीपेक्षा रुंद ठेवला की त्रास कमी होतो. दुसरा स्वस्तातला उपाय म्हणजे पुढची दोन चाकं ओम्नी आणि मागची दोन रबराची. मग रोबोट मागच्या आसाभोवती फिरतो आणि घासणं जवळपास जातं. हा सेटअप आपल्याकडे फार कमी लोक वापरतात, का ते मला कळत नाही, नवीन टीमला मी डोळे झाकून हाच सांगतो.

सहा चाकं, मधली जोडी साधारण तीन मिलिमीटर खाली. अमेरिकेत एफआरसी या शाळकरी मुलांच्या मोठ्या रोबोट स्पर्धेत कार्पेटवर वर्षानुवर्षं हेच चाललं, आता तिथे पण बरेच जण स्वर्व्हवर गेलेत. एकावेळी चारच चाकं नीट टेकतात म्हणून वळतो छान आणि ढकलायला पैलवान. आपल्याकडे धक्काबुक्कीची थीम असेल तरच.

आता खरा मामला, होलोनॉमिक.

तीन ओम्नी, १२० अंशांवर. याचा सगळ्यात मोठा गुण कुणी बोलत नाही. तीन चाकं म्हटल्यावर तिन्ही जमिनीला टेकतातच, फरशी कशीही असो. चार चाकांची कडक फ्रेम म्हणजे हॉटेलातलं डगडगणारं टेबल, एक पाय कायम हवेत. टेबलाखाली कागदाची घडी घालून भागतं, रोबोटला तसं चालत नाही, कारण होलोनॉमिक ड्राइव्हमध्ये चारही चाकांनी एकमेकांचा हिशोब जुळवलेला असतो, एकाने सुट्टी घेतली की रोबोट तिरका. तर तीन ओम्नीमध्ये ही कटकट नाही आणि एक मोटर, एक ड्रायव्हर बोर्ड, एक एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) वाचतो. तोटे पण आहेत. एखाद्या चाकाच्या आसाच्याच दिशेने निघालात तर ते चाक काहीच ढकलत नाही, नुसतं रोलरवर घसरतं, सगळा भार उरलेल्या दोघांवर आणि ते पण तिरके. आणि त्रिकोणी पाया असल्यामुळे उंच रोबोट दोन चाकांच्या मधल्या दिशेला लवकर कलंडतो. हात वर नेऊन काम करायचंय अशी थीम असेल तर जपून.

चार ओम्नी, कोपऱ्यात ४५ अंशांत, ज्याला एक्स ड्राइव्ह म्हणतात. इथे एक गंमत आहे, सरळ जाताना रोबोटचा वेग चाकाच्या वेगाच्या १.४१ पट होतो. फुकट वेग मिळाला म्हणून नाचू नका, ढकलायची ताकद त्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे चार मोटर मिळून साधारण ०.७ पट. म्हणजे गिअर रेशो निवडताना हे धरून निवडा, थोडी कमी आरपीएमची आणि जास्त टॉर्कची (फिरवायच्या जोराची) मोटर घ्या, झालं. पुढे-मागे आणि डावी-उजवी अगदी सारखं चालतं, त्यामुळे प्रोग्रामिंगवाल्या पोरांना हा आवडतो. मेकॅनिकलवाल्यांना आवडत नाही कारण कोपऱ्यात ४५ अंशांत मोटर बसवली की आतली सगळी जागा खाते, चौकोनी फ्रेमला सरळ ब्रॅकेट लागत नाही.

मेकॅनम. स्वीडनच्या बेंग्ट इलॉनने सत्तरच्या दशकात काढलेलं चाक, कडेला ४५ अंशांत तिरके रोलर. मोटर साध्या गाडीसारख्या सरळ बसतात म्हणून फ्रेम सोपी होते, हाच याचा खरा फायदा आहे आणि म्हणूनच सगळे याच्या मागे. पण आडवं जाताना यात बरीच ताकद वाया जाते, रोलर स्वतःच्या पिनवर घासतात, स्वस्तातल्या चाकात बेअरिंग नसतं नुसती बुश असते, मग पुढे जो रोबोट सुसाट जातो तोच आडवा जाताना कण्हतो. पुढचा वेग मोजून आडव्या हालचालीचं टायमिंग ठरवू नका, दोन्ही वेगळे मोजा. एफटीसीच्या फोम टाइलवर मेकॅनम मस्त चालतं, फोम थोडा दबतो आणि चारही चाकं धरतात. त्याच भरवशावर कडक, रंगवलेल्या प्लायवर गेलात तर अनुभव वेगळा येतो.

स्वर्व्ह म्हणजे प्रत्येक चाकाला दोन मोटर, एक पळवायला आणि एक चाकाचं तोंड फिरवायला. चार मॉड्यूल म्हणजे आठ मोटर. एफटीसीत एकूण मोटरच आठ चालतात, म्हणून तिकडचे लोक फिरवायला सर्व्हो लावतात. रोबोकॉनमध्ये मोटरचा आकडा अडत नाही, वजन अडतं, गेली काही वर्षं टीमच्या दोन्ही रोबोटचं मिळून ५० किलोच धरलंय. स्वर्व्हमध्ये रबराचं खरं चाक असल्यामुळे पकड पूर्ण मिळते आणि कुठल्याही दिशेला पूर्ण ताकद, यात शंकाच नाही, ड्राइव्ह म्हणून हाच राजा. पण ज्या टीमकडे मागच्या वर्षीचं चालू मॉड्यूल हातात नाही त्यांनी स्पर्धेच्या वर्षात नव्याने करायला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक मॉड्यूल बनवा, बेंचवर चालवा, गिअरचा बॅकलॅश (दात्यांमधला ढिलेपणा) बघा, पुढच्या वर्षी वापरा.

आता आकडेमोड. हा भाग लोक टाळतात आणि "३०० आरपीएमची जॉन्सन घे, सगळे तीच घेतात" एवढ्यावर मोटर आणतात. दहा मिनिटांचं गणित आहे, एकदा माझ्याबरोबर करा.

समजा रोबोट २५ किलो आणि एका जागेहून दुसरीकडे ८ मीटर जायचंय. वेग वाढवण्याचा आणि कमी करण्याचा दर २ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू, गुळगुळीत मैदानावर चाक न घसरता हा आरामात मिळतो. टॉप स्पीड २ मीटर प्रति सेकंद ठेवला तर पहिल्या सेकंदात १ मीटर, शेवटच्या सेकंदात १ मीटर आणि मधले ६ मीटर ३ सेकंदात, एकूण ५ सेकंद. आता कुणीतरी म्हणेल टॉप स्पीड डबल करू, ४ मीटर प्रति सेकंद. मग २ सेकंद वेग वाढवण्यात, त्यात ४ मीटर संपले, उरलेले ४ मीटर थांबण्यात २ सेकंद, एकूण ४ सेकंद. म्हणजे डबल वेगाने वाचला फक्त एक सेकंद! आणि त्या एका सेकंदासाठी डबल पॉवरच्या मोटर, जाड वायर, मोठी बॅटरी, आणि थांबताना घसरून अलाइनमेंट बिघडायची भीती. तोच एक सेकंद शेवटच्या फुटात फार सोप्या रीतीने वाचतो.

मग २ मीटर प्रति सेकंदच धरू. चाक ६ इंची, म्हणजे १५२ मिलिमीटर, परीघ साधारण ४७८ मिलिमीटर. २ भागिले ०.४७८ म्हणजे सेकंदाला ४.२ फेरे, मिनिटाला २५०. मोटरवर छापलेली आरपीएम ही लोड नसतानाची असते, लोडवर पाचवा-चौथा भाग पडते, म्हणून ३३० च्या आसपासची घ्यायची. टॉर्क बघू. २५ किलो गुणिले २ म्हणजे ५० न्यूटन नुसतं पळवायला, घर्षण आणि रोलरची वाया जाणारी ताकद म्हणून सरळ डबल करा, १०० न्यूटन. चार चाकांत वाटलं तर प्रत्येकी २५ न्यूटन, त्रिज्या ०.०७६ मीटर, म्हणजे १.९ न्यूटन मीटर. दुकानदार किलो-सेंटीमीटरमध्ये बोलतो, ते होतात साधारण १९. हा चालता टॉर्क हवा बरं का, लेबलवरचा स्टॉल टॉर्क (मोटर अडकून थांबते तेव्हाचा) नाही, स्टॉल त्याच्या तिप्पट-चौपट असेल तर मोटर आरामात राहील. पॉवर म्हणाल तर २५ न्यूटन गुणिले २, म्हणजे प्रत्येक मोटरने वेग पकडताना ५० वॉट बाहेर द्यायचे. मोटर, गिअरबॉक्स मिळून एक तृतीयांश उष्णतेत गेलं धरलं तर बॅटरीतून ७५ वॉट. २४ व्होल्टवर ३ अँपिअरच्या वर आणि १२ व्होल्टवर ६ च्या वर, आणि हे सगळं नीट चालू असताना, अडकला की कितीतरी जास्त. आता तुम्हीच सांगा एका चॅनेलला २ अँपिअरवाला तो एल-२९८ चा लाल बोर्ड इथे काय कामाचा. चालत्या करंटचा नाही तर स्टॉल करंटचा विचार करून ड्रायव्हर घ्या. सायट्रॉन कंपनीचे मिळतात ते बरे, पण अँपिअर बघून.

हेच गणित तीन ओम्नीला तीनने भागून आणि तिरकेपणाचा तोटा धरून करा, एक्स ड्राइव्हला १.४१ चा हिशोब घालून. मग पुण्यात बुधवार पेठेत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जा. हातात आकडे असले की दुकानदार पण वेगळ्या मोटर काढून दाखवतो.

आणि कलंडण्याचं एक छोटं गणित. रोबोटचा बेस ७०० मिलिमीटर आणि वजनाचा मध्य ५०० उंचीवर असला तर ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट) च्या पुढे ब्रेक मारला की तो नाकावर. हात वर गेला की तो मध्य अजून वर सरकतो. बॅटरी तळाला, एअर टँक तळाला, आणि हात वर असताना सॉफ्टवेअरमधून वेग आपोआप कमी, एवढं केलं तरी पुरतं.

आता प्रत्यक्ष बनवणं, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण ड्राइव्ह निवडण्यात हे पण येतं, जे तुमच्या वर्कशॉपला बनवता येत नाही ते निवडून उपयोग काय.

फ्रेम बहुतेक टीम ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची करतात. वेल्डिंग केलं की वजन वाचतं पण ॲल्युमिनियम गरम होऊन पिळवटतं, वेल्डरने कितीही म्हटलं काही होत नाही तरी पिळवटतं. ब्रॅकेट आणि रिव्हेट किंवा बोल्ट लावलेत तर नंतर सैल करून सरळ करता येते. चार चाकं लावून झाली की लगेच ही टेस्ट करा. रोबोट सपाट ग्रॅनाइटच्या नाहीतर जाड काचेच्या टेबलवर ठेवा, वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या कापा, प्रत्येक चाक जरा उचलून त्याखाली एक सरकवा आणि मग एकेक ओढा. सगळ्या सारख्या ताणाने फाटत फाटत आल्या तर फ्रेम सरळ. एखादी लोण्यातून सुरी निघावी तशी आली तर ते चाक हवेत आहे, आणि तुम्ही पीआयडीमध्ये (वेग आपोआप जुळवणाऱ्या कोडमध्ये) महिनाभर जी चूक शोधणार होतात ती इथे सापडली. बॅटरी, हात, सगळं वजन चढवून परत एकदा करा कारण वजनाने फ्रेम वाकते.

चाक हवेत राहू नये म्हणून स्प्रिंगचं सस्पेन्शनच पाहिजे असं काही नाही. पुढची दोन चाकं एका आडव्या पट्टीवर बसवा आणि ती पट्टी मधोमध एका बोल्टवर डुलती ठेवा, मागची दोन फ्रेमला कडक. झाले तीन टेकू, चारही चाकं जमिनीवर. एक जाड बोल्ट, दोन बेअरिंग आणि डुलणं दोन-तीन अंशांतच राहावं म्हणून दोन स्टॉपर, एवढाच खर्च.

मोटरच्या शाफ्टवर थेट चाक लटकवणं टाळा. २५ किलोचा धक्का बसला की गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. चाकाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या किंवा चाकाचा वेगळा शाफ्ट आणि कपलिंग. हब बनवून घेताना भोसरीच्या लेथवाल्याला सांगा की की-वे (शाफ्टवर हब घसरू नये म्हणूनची खाच) पाहिजे, किंवा निदान डी शाफ्टच्या सपाट भागावर बसेल असा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आणि तो सैल होऊ नये म्हणून लॉकटाइटचा गोंद. मॅचमध्ये रोबोट अचानक एका बाजूला ओढायला लागला तर दहापैकी निम्म्या वेळा ग्रब स्क्रू सैल झालेला असतो, बाकी वेळा वायरचा कनेक्टर. आणि अख्खं चाक-मोटर युनिट चार बोल्ट काढले की बाहेर आलं पाहिजे, पिटमध्ये रोबोट आडवा पाडून स्पॅनर घालायला वेळ नसतो.

मेकॅनमवाल्यांनी चाकं बसवताना वरून बघा. वरच्या बाजूला दिसणारे रोलर मिळून एक्स दिसला पाहिजे. डावं-उजवं उलटं बसलं आणि ओ दिसला तर रोबोट पुढे जातो, आडवा पण जातो, फक्त जागेवर फिरत नाही किंवा रडत रडत फिरतो, आणि मग सगळे कोडमध्ये चूक शोधतात. कोडचं सूत्र तसं सोपं आहे. पुढचं डावं म्हणजे पुढे अधिक आडवं अधिक फिरणं, पुढचं उजवं म्हणजे पुढे वजा आडवं वजा फिरणं, मागचं डावं म्हणजे पुढे वजा आडवं अधिक फिरणं, मागचं उजवं म्हणजे पुढे अधिक आडवं वजा फिरणं. चारपैकी कुठलाही आकडा कमाल मर्यादेच्या वर गेला तर चारही त्याच प्रमाणात खाली आणा, फक्त एकाला कापू नका, नाहीतर दिशाच बदलते.

मग आडवी टेस्ट. जमिनीवर ३ मीटरची सरळ रेघ खडूने काढा, रोबोट तिच्यावर ठेवा आणि सेन्सर सगळे बंद करून नुसत्या मोटरच्या जोरावर आडवा पाठवा. जाता जाता स्वतःभोवती फिरत असेल तर वजन एका बाजूला आहे किंवा एक चाक टेकत नाहीये, बॅटरी सरकवून बघा. न फिरता रेघेपासून लांब जात असेल तर मोटरचे वेग जुळत नाहीत, एन्कोडर लावून प्रत्येक चाकाचं वेगळं पीआयडी लागेल. आडवा जायच्या ऐवजी गोल फिरतोय किंवा जागेवर थरथरतोय, तर एखाद्या मोटरची वायर उलटी. हे सगळं हार्डवेअरवर आधी जमेल तेवढं सरळ करा आणि मगच आयएमयू (रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर) लावून दिशा लॉक करा. उलट क्रमाने केलं तर आयएमयू वाकडेपणा झाकत राहतो, मोटर विनाकारण भांडत राहतात आणि बॅटरी लवकर उतरते.

ऑटोनॉमस रोबोट असेल तर आणखी एक गोष्ट ड्राइव्ह निवडतानाच धरा. ओम्नी आणि मेकॅनम घसरतात, त्यामुळे चाकाच्या एन्कोडरवरून जागा काढली तर ती दर वळणाला थोडी थोडी चुकत जाते. त्यासाठी मोटर नसलेली छोटी ओम्नी चाकं, एक एक्स दिशेला एक वाय दिशेला, स्प्रिंगने जमिनीला दाबलेली, त्यांवर चांगले एन्कोडर. यासाठी बेसच्या मध्यभागी तळहाताएवढ्या दोन जागा सोडाव्या लागतात, आणि फ्रेम झाल्यावर त्या जागा कधीच सापडत नाहीत.

बरं, मग शेवटी घ्यायचं काय? माझा कल सांगतो, पटला तर घ्या. पहिल्याच वर्षाची टीम, वर्कशॉप यथातथा, तर पुढे दोन ओम्नी मागे दोन रबरी आणि वर ग्रिपरला आडवी स्लाइड. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची टीम, रोबोट बुटका आणि हलका, मैदान खडबडीत, तर तीन ओम्नी. रोबोट उंच आणि चारही दिशांना सारखी अचूकता हवी, तर एक्स ड्राइव्ह. जागेची मारामारी असेल आणि आडवं जायचं ते थोडंच असेल तर मेकॅनम, पण डुलत्या पट्टीसकट आणि बेअरिंगवाल्या रोलरचं. समोरचा टीमवाला धक्के मारणार असेल तर ओम्नी आणि मेकॅनम दोन्ही आडवे ढकलले जातात हे लक्षात ठेवा, तिथे रबरी चाक किंवा मागच्या वर्षी तयार ठेवलेलं स्वर्व्ह. आणि दोन्ही रोबोटला एकच ड्राइव्ह पाहिजे असा हट्ट नको, फक्त मोटर, ड्रायव्हर आणि चाकाचं माप सारखं ठेवता आलं तर बघा, स्पेअरचा खर्च निम्मा होतो.

ठरवल्यावर लगेच कॅडमध्ये शिरू नका. १८ मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा घ्या, त्यावर मोटर बसवा, वर २० लिटरचा पाण्याचा जार बांधा, तेच तुमचं २० किलो वजन, आणि पार्किंगमध्ये ड्रायव्हरच्या हातात जॉयस्टिक द्या. पाणी आत हिंदकळतं त्यामुळे ब्रेक कितपत हळू मारायचा ते पण त्याला कळतं. हा प्लायचा बेस रुलबुक आल्यापासून पहिल्या महिन्यात पळाला पाहिजे. वरची यंत्रणा बनेपर्यंत ड्रायव्हर रोज त्याच्यावर खडूच्या रेघेसमोर अलाइन व्हायची प्रॅक्टिस करतो, आणि खरा बेस आला की नुसता जॉयस्टिकचा सेन्सिटिव्हिटी आकडा बदलायचा. जॉयस्टिकची काठी थोडी सरकवली तर हळू आणि टोकाला नेली तर जोरात असा वक्र ठेवा, म्हणजे शेवटच्या फुटात बोट थोडं हललं तरी रोबोट उडी मारत नाही. एक बटण असं ठेवा की दाबलं की कमाल वेग चौथा हिस्सा.

स्पेअरमध्ये एक पूर्ण चाक-मोटर युनिट जोडलेलं, वायरला कनेक्टर लावलेलं, पिशवीत. ओम्नीचे मूठभर रोलर आणि पिना, ग्रब स्क्रू, लॉकटाइट, एक जादा ड्रायव्हर. चाकांना पुसायला जुनं कापड आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), कारण मैदानावरची धूळ दोन-तीन राउंडनंतर रोलरवर बसते आणि सकाळी जे टायमिंग बसवलं होतं ते दुपारी घसरायला लागतं. प्रत्येक मॅचच्या आधी पुसा, चाक हाताने फिरवून बघा, खडखड आली तर युनिट बदला.